खोटी बटणं

१३ नोव्हेंबर २०२५, गुरुवार

पार्सल आलं! मुद्दाम केंद्राचा पत्ता दिला होता, म्हणजे चाचाला आधी कळू नये. पण त्यामुळे तेजस्वीसमोर उघडावं लागलं. आम्ही दोघी ई-सेवा केंद्रात एकाच टेबलाशी बसून लोकांचे दाखले काढतो, तिच्यापासून काही लपत नाही.

"अगो, ह्या काय हाडलंस? साबणाची डबी?"

"कॉम्प्युटर आहे."

"कोणाचो? बावल्येचो?"

रांगेतले दोघे-तिघे हसले. मलाही हसू आलं. खरंच तळहाताएवढा आहे. माप मी वाचलं होतं, दोनदा वाचलं होतं, तरी मनात चाचाच्या कॉम्प्युटरचाच आकार होता.

चाचांनी मस्कतहून आणलेला तो. राखाडी, पावाच्या लादीएवढा, टीव्हीला जोडायचा. माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. आता कुणीतरी त्याचीच छोटी प्रतिकृती काढली आहे. तोच रंग, बटणांच्या त्याच रांगा, पोटात जुने खेळ भरलेले. नेटवर चित्र दिसलं आणि त्याच दिवशी मागवला.

सप्टेंबरमध्ये चाचांना झटका आला. तेव्हापासून उजवा हात उचलत नाही, बोलणं म्हणजे एखादा शब्द. व्यायामाला येणाऱ्या बाई म्हणतात, बोटं हलती ठेवा, त्यांच्या आवडीचं काही हातात द्या. स्पंजचा चेंडू दिलाय. तो धरतात, पण उपकार केल्यासारखे.

(घरात आम्ही चाचांना 'तू' म्हणतो. लिहिताना मात्र हात 'ते' लिहितो. शाळेची सवय.)

उद्या देईन. पुन्हा एकदा डब्यात सगळं आहे का बघून ठेवलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नको होतं करायला. नको होतं!

जुम्म्याच्या नमाजाला चाचा आता मशिदीत जाऊ शकत नाहीत, म्हणून शुक्रवारी दुपारी त्यांचा चेहरा उतरलेला असतो. म्हटलं आजच देऊ. अर्धी रजा टाकली. अम्मीने उशा लावून बसवलं. मी डबा मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने झाकण काढलं आणि म्हणाले, "अरे!"

इतका स्वच्छ शब्द दोन महिन्यांत नव्हता आला. अम्मीने माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीच्या मागे वायर लावायला वाकले. तिथेच चुकले. माझी पाठ होती त्यांच्याकडे.

वळले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून बटणांवर ठेवला होता. आपण होऊन! एक बोट एका बटणावर टेकवलं होतं आणि दाबत होते. कपाळावर घाम. बटण जात नव्हतं. दुसरं बोट. दुसरं बटण. मग थांबले. तो छोटा कॉम्प्युटर हळूच बाजूला सारला.

"गेला," म्हणाले.

काय गेलं, मी विचारलं. ते आपल्या बोटांकडे बघत होते.

"गेला."

तेवढ्यात टीव्हीवर खेळाचं संगीत सुरू झालं आणि मी आपली "बघ चाचा, बघ!" करत राहिले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

ते झोपल्यावर मी एक बटण दाबून पाहिलं. माझ्या बोटानेही गेलं नाही. सगळी खोटी आहेत! एकाच प्लास्टिकात ओतलेली, नुसती उठावाची, शोभेला. खेळायला वेगळी दांडी दिली आहे. माहितीपत्रकात लिहिलंय, बारीक अक्षरात, तिसऱ्या पानावर. लोकांचा फॉर्म भरताना मी मागची अटींची पानंसुद्धा वाचते. इथे वाचलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सांगितलं.

"चाचा, ह्येची बटणा खोटी आसत. माझ्यानपण दाबणत नाय."

ते अर्ध्या चेहऱ्याने हसले. लहान मूल समजूत घालायला आलं की मोठी माणसं हसतात तसं.

"खरा सांगतंय. बघ." त्यांच्यासमोर अंगठ्याने दाबलं. नख पांढरं पडलं.

"नाटक," म्हणाले.

अम्मी म्हणाली, "अरे ती कित्याक खोटा बोलात? जन्मात बोलली नाय." चाचांनी मान हलवली आणि माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला. म्हणजे, बोल हो, माझ्यासाठी बोलतेस, मला कळतं.

मी खोटं बोलत नाही याची मला नेहमी थोडी घमेंड होती. आज मी खरं बोलले आणि ते खोटं ठरलं, आणि त्यासाठी मला मायेने थोपटलंसुद्धा!

१६ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. कपडे धुताना सारखं जुनं आठवत होतं. लिहून टाकते.

चाचा शाळेत गेलेच नाहीत. अब्बा दुसरीपर्यंत. अम्मीला सही येते, ती मी शिकवली. चाचा मस्कतला टीव्ही-रेडिओच्या दुकानात झाडलोट करायचे. दुकान बंद झालं की काचेतल्या कॉम्प्युटरवर बसायचे. सोबतच्या पुस्तकातलं बघून एकेक अक्षर बटणांवर शोधायचं आणि दाबायचं. आधी अक्षर ओळखायला लागले, मग शब्द, मग मशीनला द्यायचे हुकूम. परत यायला निघाले तेव्हा मालकाने तोच जुना नग त्यांना देऊन टाकला.

त्यावरच त्यांनी मला अक्षरं शिकवली. चार वर्षांची असेन. पहिलीत बाईंनी विचारलं, एबीसीडी येते का? मी उभी राहून ठणठणीत म्हटलं, "क्यू डब्ल्यू ई आर टी वाय!" वर्ग हसला. बाईंनी चाचांना बोलावून घेतलं. ते छोट्या बाकावर गुडघे वर करून बसले आणि शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "बाई, आमच्या मशीनवर हाच क्रम आहे." मला कुणाच्या हसण्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मला वाटलं, बाईंकडेच मशीन नाही.

त्या कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम कॅसेटवर असत. साधी गाण्याची असते तशी कॅसेट. टेपरेकॉर्डर वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा आणि कॅसेट लावायची. तिच्यात कर्कश किर्र-र्र-र्र असा आवाज भरलेला असतो. तोच प्रोग्रॅम. दोन-तीन मिनिटं वाट पाहायची, मग पडद्यावर चित्र येई. माझ्यासाठी ते एकच कॅसेट लावत, होडीची. त्यांनी स्वतः लिहिलेली होडी. होडी आली की मी टाळ्या पिटायची आणि ते म्हणायचे, "जा, मागल्या दारातसून पाणी हाड." दर वेळी! मी तांब्या घेऊन येईपर्यंत त्यांनी टेपरेकॉर्डरची वायर काढलेली असे आणि ते गप्प बसलेले असत. मला वाटायचं हा मशीनचाच नियम. आधी किर्र, मग होडी, मग पाणी.

२०२१ च्या वादळात कौलं उडाली आणि माळ्यावर पाणी कोसळलं. चाचांनी आठ दिवस मशीन तांदळाच्या पिंपात ठेवलं. चालू करून मात्र पाहिलं नाही. म्हणाले, नको, बंद म्हणजे कदाचित बरा आसात. चालू केला आनी गेला तर?

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज चेंडूही धरला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

तेजस्वीने सुचवलं. "अगो, तेका बाजूक भोक आसा मा? मग आपलो मोठो कीबोर्ड लाव!" माझ्या डोक्यात कसं आलं नाही? केंद्रातला जास्तीचा कीबोर्ड दोन दिवसांसाठी मागितला, तसं वहीत लिहून सही केली. तेजस्वी म्हणाली, "कीबोर्ड नेतंस की कलेक्टरची खुर्ची?"

लागला! चाचांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी उजवा हात वर आणलाच नाही, डाव्या तर्जनीने एक बटण दाबलं. खट्. पडद्यावर अक्षर उमटलं. चाचा बराच वेळ त्या एका अक्षराकडे बघत राहिले. मग शोधत शोधत आणखी पाच.

MARYAM

मरियम म्हणजे माझी चाची. मी तिला पाहिलेलं नाही. चाचा मस्कतला असताना बाळंतपणात गेली. मूलही गेलं. चाचांनी पुन्हा लग्न केलं नाही. घरात तिचा एकही फोटो नाही.

"होडी," चाचा म्हणाले. "आमची."

डब्यातल्या पन्नास खेळांत ती कुठून असणार!

२३ नोव्हेंबर, रविवार

अम्मीने माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. वादळातून वाचलेला. आत तीन कॅसेट, दोन बुरशीने गेलेल्या. तिसरीवर पेनाने एक होडी काढलेली.

अम्मी बोलत बसली. तिच्या लहानपणी वाडीतल्या निम्म्या घरांतले पुरुष आखातात होते. लिहिता-वाचता कुणाला येत नव्हतं, आणि पोस्टमनकडून वाचून घ्यायचं म्हणजे घरातली गोष्ट बाजारात. म्हणून चिठ्ठ्या कॅसेटवर बोलून पाठवायचे. कुणी गावी येणारं असलं की त्याच्या हाती. इथे आली की सगळं घर बसून ऐकायचं.

"आनी जबाब?"

"तेच्यावरच. पुसान."

मला आधी कळलंच नाही. तिने समजावलं. कॅसेट एकच असायची. नवी कोण देणार? त्याचं बोलणं ऐकलं, मनात ठेवलं, की त्याच्यावरच आपलं बोलायचं. तिकडे तो ऐकणार आणि त्याच्यावर पुन्हा आपलं बोलणार. कधी कुणाला बोलायला सुचलं नाही तर कॅसेट तशीच, कोरी परत पाठवायची, म्हणजे त्याला पुढच्या वेळी हाताशी असावी.

म्हणजे प्रत्येक जबाब आधीची चिठ्ठी पुसत जायचा! मी तर टाकायच्या कागदाचीही झेरॉक्स ठेवते.

"तेवा काय कोण सांबाळून ठेवी नाय गो," अम्मी म्हणाली. "माणसा परत येतली असाच वाटायचा."

२६ नोव्हेंबर, बुधवार

परशुराम मेस्त्रींकडे गेले. बाजारातलं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आता पुढून मोबाईल कव्हरांनी झाकलंय, पण आत टेपरेकॉर्डर अजून चालतात.

"चेडवा, हळू धर. ही तुझ्यापेक्षा म्हातारी," म्हणाले. स्पिरिटने फीत पुसली, आतला झिजलेला स्पंज बदलला. लॅपटॉपला जोडून ते आवाज उतरवून घेणार, आणि त्याची फाइल केली की आमचा छोटा कॉम्प्युटर ती घेतो. हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. या वेळी सगळी पानं.

कॅसेट लावली. आधी काहीच नाही. नुसती खरखर. पण कोरी नव्हती. मी कान लावला. लांब कुठेतरी कोंबडा आरवला. बांगड्या वाजल्या. कुणीतरी, बाईनं, घसा खाकरला. मग पुन्हा गप्प. बोलायचंय आणि सुचत नाहीये अशी ती गप्प होती. पाच सेकंद, दहा सेकंद.

आणि मग एकदम किर्र-र्र-र्र! चाचांची होडी. तीन मिनिटं.

किर्र थांबलं. आणि लगेच तीच बाई म्हणाली, "येताना..."

मी हात पुढे करून बटण दाबलं. मेस्त्री दचकले.

"कित्याक बंद केलंस?"

"ती चिठ्ठी आहे. माझी नाही."

"बरा. पण फुडला पण उतरून घेतंय. दुसऱ्यांदा लावताना फीत तुटली तर?"

"नको. फक्त होडी."

चालत घरी आले. डोक्यात एकच. चाचीने कॅसेट भरून पाठवली होती. चाचांनी लावली, सुरुवातीला काही ऐकू आलं नाही. वाटलं, कोरीच परत आली. त्यांची होडी नुकतीच लिहून झाली असणार, ठेवायला कॅसेट हवी होती. ठेवली तिच्यावर. बायकोचं नाव घालून लिहिलेली होडी, बायकोच्या बोलण्यावर! शेपटाचं तेवढं वाचलं.

आणि मग ती गेली.

हे त्यांना माहीत आहे का? नसेल तर मी सांगायचं का?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सांगणार नाही. फक्त होडी दाखवेन.

न सांगणं म्हणजे खोटं बोलणं का? दिवसभरात दोन दाखल्यांवर तारीख चुकले. असं कधी होत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

होडी लागली.

पूर्वी तीन मिनिटं लागायची. आज मी बटण दाबलं आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत, आवाज न करता, निळ्या पाण्यावर होडी आली. चौकोनी ठोकळ्यांची, शिडाचा एक तुकडा जरा वाकडा. उजवीकडून डावीकडे हळूहळू सरकते. डाव्या कडेला एक माड. होडी माडाला लागली की आकाशात MARYAM, एकेक अक्षर वेगळ्या रंगात. अम्मीला वाचता येत नाही, तरी तिने पदर डोळ्याला लावला.

चाचा खूश झाले. हो, झाले, मी बघितलं. मग त्यांनी डावा हात वर केला. गप्प. आम्ही गप्प बसलो. ते वाट बघत होते.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी."

मी उठले. स्वयंपाकघराच्या दारात पोचले आणि पाय थांबले. तांब्या हातात. आधी किर्र, मग होडी, मग पाणी.

मागे वळून पाहिलं. चाचा टीव्हीच्या कडेला हाताने चाचपत होते. वायर शोधत होते, जी उपटली की टेपरेकॉर्डर मोठ्याने बोलायला लागतो. तिथे वायर नव्हती. कॅसेटच नव्हती.

इतकी वर्षं त्यांना होडी नको होती. होडीच्या पुढचं हवं होतं.

मी त्यांच्यापाशी बसले आणि सगळं सांगितलं. मेस्त्रींकडे काय ऐकलं ते, एकच शब्द ऐकून बंद केलं ते, कॅसेट नीट आहे ते. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग दोन शब्द बोलले.

"रिकामी... वाटली."

२९ नोव्हेंबर, शनिवार

मेस्त्रींनी टेपरेकॉर्डर उसना दिला. "पैशे बिशे नको काढू. तौकीरान माझो पयलो रेडिओ हाडून दिल्यान मस्कतसून." चाचांना नावाने बोलावणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं.

होडीचा आवाज संपायच्या जरा आधीपर्यंत फीत आणून ठेवली, पलंगाशेजारी स्टूल लावला आणि चाचांनी म्हणायच्या आधीच तांब्या उचलला. त्यांना हसू आलं. मागल्या दारी अम्मी सुके बांगडे उलटत होती. मी विहिरीच्या काठाला टेकून शंभरपर्यंत मोजलं. मग आणखी शंभर.

आत आले तेव्हा ते लाल बटणाशी झगडत होते. रेकॉर्डच्या. उजव्या हाताच्या बोटाने! बटण खाली जात नव्हतं. चेहरा पुन्हा चौदा तारखेसारखा.

"गेला," म्हणाले.

"नाय गेला!" मी ओरडलेच. या वेळी मला माहीत होतं. सकाळीच मेस्त्रींनी दाखवलं होतं. कॅसेट बाहेर काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. वरच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडून टाकल्या की रेकॉर्डचं बटण दबतच नाही, म्हणजे आतलं कुणाकडून चुकून पुसलं जात नाही. दोन्ही मोडलेल्या होत्या. त्यांनीच मोडल्या असणार, केव्हातरी.

चाचांनी त्या दोन खाचांवरून बोट फिरवलं. आणि हसले! आवाज काढून, अर्ध्या तोंडाने, खांदे हलवून. बोटं गेली नव्हती. मी नाटक करत नव्हते.

मग म्हणाले, "लाव."

खाचांवर चिकटपट्टी लावली की बटण पुन्हा दबतं. हेही मेस्त्रींनी सांगितलं होतं. पण मला लगेच समजलं ते काय मागताहेत.

"चाचा, पुसान जातला."

"जबाब," ते म्हणाले.

"दुसरी कॉपी नाय. मी करूक दिलंय नाय. पुसला तर कायमचा पुसला."

"चिठ्ठी. जबाब."

केंद्रात मी माणसाला तीनदा विचारते, जन्मतारीख बरोबर ना, नाव बरोबर ना, मगच शेवटचं बटण दाबते. चाचांनाही तिसऱ्यांदा विचारलं. ते चिडले. "नाजू! लाव."

लावली. माझ्या हाताने. पाणी जवळ ठेवलं, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. फीत मागे फिरल्याची घरघर ऐकू आली. मग बराच वेळ काहीच नाही. मग खट्ट. बटण खाली गेलं!

नंतर चाचांचा आवाज. शब्द कळले नाहीत. थोडेच होते.

मी रडले. बटण दबलं म्हणून की चाचीचा आवाज गेला म्हणून, ते अजून ठरवता येत नाही.

आत गेले तेव्हा कॅसेट काढून त्यांनी उशाशी ठेवली होती. "ठेव," म्हणाले. बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

१ डिसेंबर, सोमवार

"अगो, मोबाईलवर घेवचास मा! दोन मिनिटांचा काम," तेजस्वी म्हणाली.

"दुसऱ्याची चिठ्ठी होती."

"तू आनी तुझे नियम. देवाच्या दारात पण तू झेरॉक्स मागशीत." मग माझा चेहरा बघून तिने माझ्या रांगेतली चार माणसं आपल्याकडे घेतली.

ती बरोबर आहे. पस्तीस वर्षांहून जास्त त्या आवाजाला काही झालं नाही. दमट हवा, बुरशी, वादळ, सगळ्यातून टिकला. माझ्या बोटभर चिकटपट्टीने गेला.

५ डिसेंबर, शुक्रवार

उजव्या तर्जनीने M! एकच. मोठ्या कीबोर्डवर. मग दमले. मी केंद्राच्या वहीत कीबोर्डची मुदत आणखी वाढवून घेतली.

चाचा आता पाणी मागत नाहीत. होडी लावायलाही सांगत नाहीत. चेंडू मात्र दाबतात, दिवसभर, आपल्याच तंद्रीत.

११ डिसेंबर, गुरुवार

चाचा गेले. दुसरा झटका. अम्मी चहा घेऊन गेली तेव्हा.

१७ डिसेंबर, बुधवार

मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म मीच भरला. तेजस्वी म्हणाली मी भरते, पण तिच्या हातून तौकीरची दुसरी वेलांटी नेहमी पहिली होते.

व्यवसायाच्या रकान्याशी थांबले. मागे रांग होती. काय लिहू? दुकान झाडायचे. होडीवर जायचे. मला अक्षरं शिकवली. मला शाळेत घालायला अब्बांशी भांडले. घरातल्या कुणालाच जे येत नव्हतं ते एका मशीनकडून शिकून घेतलं, आणि त्याची एक होडी केली.

'मजुरी' लिहिलं. कागदोपत्री तेच खरं. तीनदा तपासलं. तीनही वेळा खरंच होतं आणि तीनही वेळा पुरलं नाही.

१९ जानेवारी २०२६, सोमवार

चाचांचा चाळिसावा दिवस झाला. माणसं गेल्यावर अम्मी म्हणाली, "ती कॅसेट लाव."

"अम्मी, ती चाचाची चिठ्ठी आहे."

"चिठ्ठी सगळ्यांनी बसान ऐकूची. एकट्यान ऐकूची आमच्यात रीत नाय."

लावली. होडी किर्र करत संपली. मी डोळे मिटले.

"येताना काय हाडू नकात. तुमी येवा." ती बाई! पुसलेली नव्हती! बांगड्या वाजल्या, मग हळूच, स्वतःशीच, "ह्या बंद कसा करतत?" थोडी खुडबुड. खट्ट.

थोडी खरखर. त्या दिवशी फीत मागे फिरली होती ती इथवरच. मग चाचा. ओढत, एकेक शब्द.

"मरियम. कडेचा बटण. दाब."

खट्ट.